चटणीचा आयटम मास्टर

काकूची कांदा-लसूण चटणी कोल्हापूरबाहेर जायला लागली आणि चुलतभावानं स्टॉकचं सॉफ्टवेअर घेतलं. घ्यायचं त्यानं, त्यातला आयटम मास्टर, म्हणजे जिनसांची यादी, भरायची मी; घरात बी.कॉम. मी एकटाच.

सॉफ्टवेअरचं मागणं तसं साधं. प्रत्येक जिन्नसाचं एकक द्या, खरेदीचा दर द्या, तयार मालाची रेसिपी द्या. किलोचा खर्च आम्ही काढतो. बिस्किटाचे पुडे घेऊन बिस्किटाचेच पुडे विकणाऱ्याचं यात भागतं. आमचं मिरचीपाशीच अडलं. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, लवंगी 'जरा झणका यायला'. त्यात ब्याडगी आधी दहा किलो आणली २०० नं, नंतर तीस किलो २४० नं. सॉफ्टवेअरनं सरासरी काढली, २३०.

काकू म्हणाली, "दोनशे तीसनं कुणी दिली रं? मी तर न्हाई घेतलो."

पुढं देठ. २४० ची दहा किलो मिरची वाळवून, देठ मोडून नऊ किलो उरली, की २४०० रुपये नवावर वाटायचे. दर २६६ रुपये ६७ पैशांवर जातो. यासाठी 'प्रोसेस लॉस' नावाची चौकट असते, तिथं दहा टक्के टाकले. कांद्यानं मात्र त्या चौकटीचा पार बट्ट्याबोळ केला. वाळवला की पाणी जाऊन मूठभर उरतो, आणि तळला की तेल पिऊन परत वजन धरतो. लॉसच्या चौकटीत उणे आकडा चालत नाही. वजन वाढतं ही गोष्ट त्या प्रोग्रामरच्या घरी कधी घडलीच नसावी.

"काकू, धणे किती?"

"चिपटंभर."

"तीळ?"

"कोळवंभर. हिंग मी घालतो की, वास येईल इतका."

किलो-ग्रॅमचा कायदा १९५६ साली झाला, पण तो आमच्या माजघरापर्यंत पोचलेला नाही. चिपटं म्हणजे पाव शेर, कोळवं त्याच्या निम्मं. आणि ही भरून घ्यायची मापं, तोलायची नव्हेत. धण्याचं चिपटं आणि तिळाचं चिपटं काट्यावर सारखं उतरेल कसं? मग काकूनं माप भरायचं आणि ते कढईत पडायच्या आत मी हिसकावून काट्यावर ठेवायचं, असा खेळ दुपारभर चालला. हिंगाला सॉफ्टवेअर शून्य घेईना. एक ग्रॅम लिहिला. काकूला सांगितलं नाही.

कुटणावळीचं वेगळंच. डंकवाला किलोवर पैसे घेतो, पण किलो कुठला? घालतानाचा की काढतानाचा? डंकाला चिकटून राहते ती कुणाची? विचारल्यावर त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मी दोन्हीकडचे पैसे दिले.

एवढं करून चटणी बरणीत गेली, तर वजनाचे रकाने तीन. निव्वळ वजन, ते लेबलावर. बरणी, झाकण, खोका धरून ढोबळ. आणि कुरिअरचं तिसरंच: लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार भागिले ५०००. ३० बाय २० बाय १५ चा खोका असला की आत किलोभर चटणी असो नाहीतर नुसती हवा, भाडं १ किलो ८०० ग्रॅमचं. काकूचं म्हणणं, मग खोक्यात मोकळी जागा ठेवतोसच कशाला, चटणी भर. त्या चटणीचे पैसे कोण देणार, यावर ती गप्प.

शेवटी रेसिपी सेव्ह झाली. किलोचा खर्च पैशापर्यंत दिसू लागला आणि तरीही रोज संध्याकाळी स्टॉक कमी भरायचा. काउंटरवर उभं राहून बघितलं. सुटी चटणी तोलताना काटा बरोबर आला की काकू वर एक चमचा घालते. प्रत्येकाला. ओळखीच्याला दोन.

आता 'वरचा चमचा' नावाचा आयटम आहे. वजन दहा ग्रॅम, विक्रीदर शून्य. नफा-तोट्याच्या रिपोर्टात तेवढीच ओळ लाल दिसते. काकूनं चष्मा लावून ती नीट बघितली.

"ही लाल वळ तेवढी काढ."

"आणि चमचा?"

"चमच्याला काय झालंय?"