‘आकडाच खोटा’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, मोकळी व्हिडिओ मेमरी (ग्राफिक्स कार्डाची मेमरी) प्रोग्रामने कशी विचारावी यावर मी लेख लिहिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जुना कोड उघडला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: व्हिडिओ मेमरी किती मोकळी आहे हे प्रोग्रामने विचारूच नये, ओपनजीएलच्या (प्रोग्रामने ग्राफिक्स कार्डाशी बोलायच्या जुन्या पद्धतीच्या) मूळ नियमांत ती सोय नाहीच, मिळतो तो आकडा फसवा, तेव्हा सगळं ड्रायव्हरवर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर सोडावं. वर, ‘एएमडीचे तीन आकडे बेरजेला घेणाऱ्याने इतरांना शिकवू नये’ हा टोमणा.

टोमणा मान्य. एएमडी या कार्ड बनवणाऱ्या कंपनीचं एक्स्टेन्शन (ओपनजीएलला दिलेली जोड) टेक्स्चर (कार्डावर चढवलेली चित्रं), व्हर्टेक्स बफर (आकारांचे बिंदू) आणि रेंडरबफर (रंगवून तयार होणारं चित्र) यांच्यासाठी मोकळी मेमरी वेगवेगळी सांगतं, पण तिन्ही आकडे एकाच साठ्याचे असू शकतात. मी बेरीज करून 1 जीबीचे 3 जीबी केले. लेख दुरुस्त केलाय.

ड्रायव्हरवर सोडा, हे मात्र पटत नाही. मी तेच करून तोंडघशी पडलोय. रावेरकडच्या केळीबागांचे ड्रोनने काढलेले फोटो जोडून दाखवणारा छोटा प्रोग्राम लिहिला होता. एकेक तुकडा 4096 बाय 4096, पिक्सेलला 4 बाइट, म्हणजे 64 एमबी. मिपमॅप (त्याच चित्राच्या लहान होत जाणाऱ्या प्रती) धरले की 85च्या वर. असे 24 तुकडे म्हणजे बरोबर 2 जीबी. घरच्या 8 जीबीच्या कार्डावर लोणी. बागवाल्याच्या लॅपटॉपवर कार्ड 2 जीबीचं, शेजारी ब्राउझर उघडा. एरर आली असती तर बरं झालं असतं. आली नाही. विंडोज निमूटपणे टेक्स्चर साध्या रॅममध्ये हलवत होतं आणि लागेल तसं परत आणत होतं. नकाशा सरकवला की चित्र अडखळे, आणि तो माणूस बिचारा माउस बदलून बघत होता!

पण ‘मेमरी मोकळी किती’ हा माझा प्रश्नही चुकीचाच होता. आपल्या पांझरा नदीच्या फडात (बंधाऱ्याचं पाणी पाळीने वाटून घ्यायच्या जुन्या पद्धतीत) शेतकरी बंधाऱ्यात पाणी किती उरलं ते मोजत बसत नाही. पाटकरी आपल्या पाळीला किती देणार, हे त्याला हवं असतं. पाणी उतरलं की पाळीही आखडते. विंडोज 10पासून डीएक्सजीआय (विंडोजचा ग्राफिक्स सांभाळणारा भाग) नेमकं हेच सांगतं: तुमच्या प्रोग्रामचं बजेट किती आणि त्यातलं वापरलं किती. व्हल्कन या ओपनजीएलच्या नव्या भावंडामध्ये मेमरी बजेट नावाचं एक्स्टेन्शन आहे, तेही हीच जोडी देतं. दुसरा प्रोग्राम उघडला की बजेट घटू शकतं, म्हणून सुरुवातीला एकदा विचारून भागत नाही. डीएक्सजीआयमध्ये बजेट बदललं की कळवण्याचीही सोय आहे.

आता मी बजेटच्या 80 टक्क्यांवर थांबतो. हा माझा अंदाज, नियम नव्हे. त्यापुढे गेलं की लांबच्या तुकड्यांची बारीक पातळी (मिपमॅपमधली सर्वांत मोठी प्रत) आधी टाकून देतो. आणि खरं सांगायचं तर तेच तुकडे बीसी7 या टेक्स्चर दाबून लहान करायच्या पद्धतीने दाबले की पाव होतात, 2 जीबीचे 512 एमबी. हे आधी सुचलं असतं तर निम्मा लेख लिहावाच लागला नसता.

एक मुद्दा तुमच्या बाजूचा, जो तुम्ही मांडला नाहीत: इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये ‘स्वतःची’ मेमरी बऱ्याचदा 128 एमबीच दिसते, बाकी सगळी रॅममधून. त्या आकड्यावरून प्रोग्राम चालू द्यायचा की नाही हे ठरवलं, तर चांगलं चालणारं मशीनही दारातूनच परत जाईल. माझ्या कोडात ती तपासणी होती, काल काढली.

तुम्ही व्हल्कन वापरता म्हणालात. ब्राउझर उघडायच्या आधी आणि नंतर बजेट किती दिसतं, तेवढं बघून इथे लिहा.