बून यांच्या निष्ठेला विली मेजचा दाखला लागू पडत नाही

२०२४ च्या हंगामात बॅट चालत नसतानाही अलेक्स व्हर्डुगोला लेफ्ट फिल्डवर (मैदानाच्या डाव्या बाजूच्या बाहेरच्या जागेवर) टिकवल्याबद्दल एका लेखात न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचे मॅनेजर ॲरन बून यांचं कौतुक केलंय. सोबत बेसबॉलमधला दिग्गज विली मेजचं उदाहरण. १९५१ मध्ये मेज पहिल्या १२ प्रयत्नांत एकही हिट न मिळवता रडकुंडीला आला होता, तरी त्याचे मॅनेजर लिओ डुरोशर यांनी त्याला बाकावर बसवलं नाही. गोष्ट खरी आहे. पण मेज तेव्हा २० वर्षांचा होता! डुरोशर पुढच्या दहा वर्षांचा खेळाडू घडवत होते. व्हर्डुगो २८ चा, त्याचा करार त्याच वर्षी संपत होता आणि फलंदाजीची सरासरी होती .२३३, म्हणजे शंभर प्रयत्नांत जेमतेम २३ हिट. त्याच्यासाठी बाकावर कोण बसलं? २१ वर्षांचा हासोन डोमिंगेझ.

हो, डोमिंगेझचीही बॅट सप्टेंबरमध्ये थंड होती आणि लेफ्ट फिल्डवर तो चाचपडत होता, हे मान्य. व्हर्डुगोची फिल्डिंग भरवशाची होती. प्लेऑफमध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सविरुद्धच्या पहिल्या सामन्यात विजयी धाव त्याच्याच हिटवर आली, तेव्हा मीही घरात ओरडलो होतो. यांकीज हरले त्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, शेवटचा बाद तोच झाला म्हणून सगळं खापर त्याच्यावर फोडणंही चूक. पाचव्या सामन्यात पाच धावांची आघाडी गेली ती यांकीजच्याच ॲरन जजच्या हातून सुटलेल्या झेलापासून.

माझा राग जून-जुलैबद्दल आहे. तेव्हाच त्याला फलंदाजीच्या क्रमात खाली ढकलून चार-सहा सामने विश्रांती द्यायला हवी होती. रोज त्याच खेळाडूला उतरवण्यात त्याचंही भलं झालं नाही.