सीआयए, मॉकिंगबर्ड आणि ४०० पत्रकारांचा तो मेसेज

तो मेसेज परत फिरायला लागलाय, तुमच्याकडेही आला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सीआयएने १९५० च्या आसपास 'ऑपरेशन मॉकिंगबर्ड' सुरू करून अमेरिकेतले ४०० पत्रकार (एका व्हर्जनमध्ये तर ३०००) पगारावर ठेवले, हे सेनेटच्या समितीसमोर सिद्ध झालं, सीआयएच्या एका डायरेक्टरने ते स्वतः कबूलही केलं, 'कॉन्स्पिरसी थिअरी' हा शब्द सीआयएनेच १९६७ मध्ये जन्माला घातला, २०१२ मध्ये ओबामाने प्रचार करणं कायदेशीर करून टाकलं, आणि म्हणून आज बातम्यांमध्ये दिसतं ते सगळं एजन्सीने लिहून दिलेलं असतं. शेवटी नेहमीचंच, डिलीट व्हायच्या आत शेअर करा.

मीही एकदा तो पुढे ढकललाय, खोटं कशाला बोलू. नंतर एकाने विचारलं की यातलं तू काय काय तपासलंस, तेव्हा गप्प बसावं लागलं, आणि मग वाचायला घेतलं.

आधीच सांगतो, हेरखातं आणि पेपरवाले यांचं साटंलोटं होतं, भरपूर होतं, कागदोपत्री होतं. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे. हा मेसेज खऱ्या कापडाला अशी काही खोटी ठिगळं लावतो की कोणीही एक ठिगळ उसवून दाखवलं की अख्खं कापडच फेकून देता येतं, आणि ज्यांना ते फेकायचंच असतं त्यांचं काम आयतं होतं.

नावापासूनच सुरू करू. मॉकिंगबर्ड नावाचं प्रोजेक्ट सीआयएच्या कागदांत खरोखर आहे. १९७३ मध्ये एजन्सीने आपल्याच बेकायदा उद्योगांची एक जंत्री तयार केली होती, 'फॅमिली ज्वेल्स' म्हणतात तिला, ती २००७ मध्ये खुली झाली. त्यात मॉकिंगबर्ड म्हणजे काय? तर १९६३ मध्ये मार्च ते जून असे तीन महिने वॉशिंग्टनमधल्या दोन स्तंभलेखकांचे, रॉबर्ट अ‍ॅलन आणि पॉल स्कॉट यांचे, फोन टॅप केले, कारण त्यांच्या लिखाणात गुप्त माहिती येत होती आणि ती कुठून फुटतेय ते शोधायचं होतं. म्हणजे ज्या नावाने पत्रकार विकत घेतले म्हणून सांगतात त्या नावाखाली प्रत्यक्षात पत्रकारांवर पाळत ठेवली जात होती! मीडिया ताब्यात घेणारं ते भलंमोठं 'ऑपरेशन मॉकिंगबर्ड' लोकांपर्यंत आलं १९७९ मध्ये, वॉशिंग्टन पोस्टच्या मालकीणबाई कॅथरीन ग्रॅहम यांच्यावरच्या एका पुस्तकातून. गुप्तचर संस्थांची चौकशी करणाऱ्या सेनेट समितीच्या अहवालात पत्रकारांच्या जाळ्याला हे नाव नाही. मेसेज वाचून मी तिथे हे नाव शोधत बसलो होतो, अर्धा दिवस गेला.

आता आकडे, कारण खरा घोळ इथेच आहे. ४०० हा आकडा आला कार्ल बर्नस्टीनकडून, वॉटरगेट घोटाळा बाहेर काढणाऱ्या पत्रकारांच्या जोडगोळीतला एक. त्याने ऑक्टोबर १९७७ मध्ये रोलिंग स्टोन मासिकात मोठा लेख लिहिला, त्यात म्हटलंय की २५ वर्षांत चारशेहून जास्त अमेरिकन पत्रकारांनी सीआयएसाठी गुपचूप कामं केली. पण त्या चारशेत कोण कोण आहे ते बघा ना. त्यात पगारी हस्तक आहेत, फ्रीलान्सर आणि तुकड्यावर काम करणारे स्ट्रिंगर आहेत, मालक-संपादक आहेत, आणि असेही आहेत की ज्यांनी परदेशातून परत आल्यावर फक्त आपली वही दाखवली, गप्पा मारल्या, एखादा निरोप पोचवला, आणि एक पैसाही घेतला नाही. 'पगारावर ४००' हे बर्नस्टीन कुठेही म्हणत नाही. सेनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीचा अहवाल त्याच्या आधीचा, एप्रिल १९७६ चा. त्यात साधारण ५० अमेरिकन पत्रकार किंवा मीडिया कंपन्यांमधले लोक आहेत, आणि तेही त्या वेळी चालू असलेले संबंध, शिवाय जगभरातले काहीशे परदेशी लोक वेगळे. बर्नस्टीनचा आरोपच असा की समितीला नावं काढून टाकलेले सारांश दाखवले आणि तिने खोलात जायचं टाळलं. तो आरोप मला पटतो, पण मग 'समितीसमोर ४०० सिद्ध झाले' हे तर आणखीनच चुकीचं ठरतं, कारण लेख लिहायचं कारणच ते की समितीने ते बाहेर येऊ दिलं नाही. ३००० तर या दोन्हीकडे नाही, तो बहुतेक फॉरवर्ड होता होता वाढलाय.

पैशाचं म्हणाल तर तीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते, कारण मेसेजमधली पाकिटवाली गोष्ट वाचायला सोपी आहे, पाकीट दिलं, बातमी आली, संपला विषय. पण जोसेफ ऑल्सप घ्या, त्या काळातला वजनदार स्तंभलेखक, १९५३ मध्ये सीआयएच्या सांगण्यावरून निवडणूक कव्हर करायला फिलिपीन्सला गेला. नंतर विचारल्यावर लाजला वगैरे नाही, आपल्याला विचारलं याचा अभिमान वाटतो म्हणाला. किंवा १९५४ चं ग्वाटेमाला. सीआयए तिथलं निवडून आलेलं आर्बेन्झ सरकार पाडायच्या तयारीत होती आणि न्यूयॉर्क टाइम्सचा सिडनी ग्रूसन हा बातमीदार जरा जास्तच खोलात जाऊन लिहील अशी भीती होती, तर सीआयएप्रमुख अ‍ॅलन डलेस यांच्याकडून टाइम्सचे प्रकाशक सल्झबर्गर यांच्या कानावर घातलं गेलं की या माणसाबद्दल आम्हाला शंका आहे. ग्रूसनला मेक्सिकोतच थांबवून ठेवलं, जूनमध्ये सरकार पडलं. पाकीट कुठेय यात? एकाच वर्गातली, एकाच क्लबातली, एकाच युद्धातून आलेली माणसं, एकमेकांवर भरवसा, रशियाची भीती खरी वाटणारी, काम फोनवर होऊन जायचं. विकत घेतलेला माणूस निदान सापडू तरी शकतो हो, पावती निघते, हिशेब निघतो, इथे कोणी काही विकलंच नव्हतं.

पैसा होता तो मुख्यतः अमेरिकेबाहेर. रेडिओ फ्री युरोप आणि रेडिओ लिबर्टी ही पूर्व युरोप आणि रशियातल्या श्रोत्यांसाठीची केंद्रं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सीआयएच्या पैशावर चालली आणि ऐकणाऱ्यांना सांगितलं जायचं की सामान्य अमेरिकनांच्या देणगीवर चालतात. चिलीच्या 'एल मर्क्युरिओ' या पेपरला १९७१-७२ मध्ये १५ लाख डॉलरहून जास्त दिले, तिथले राष्ट्राध्यक्ष अय्येंदे यांच्या विरोधात. रोममध्ये 'रोम डेली अमेरिकन' नावाच्या इंग्रजी पेपरचा ४० टक्के हिस्सा एजन्सीकडे होता. लंडनचं 'एन्काउंटर' मासिक, जिथे खरंच चांगले लेखक लिहायचे आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आपलं मानधन मुळात कुठून येतंय याचा पत्ता नव्हता, त्यामागेही हाच पैसा निघाला. बरं, बाहेर पेरलेली बातमी बाहेरच राहते असं थोडंच आहे, ती वृत्तसंस्थांच्या वायरवर येते आणि अमेरिकन वाचकाच्या चहाच्या कपाशेजारी जाऊन पोचते. चर्च समितीनेही हा धोका मांडला होता. मेसेज लिहिणाऱ्याला हे माहीत असतं तर त्याचा मुद्दा उलट मजबूत झाला असता, पण वाचायचं कोणी!

डायरेक्टरची कबुली म्हणजे विल्यम केसी यांचं ते वाक्य, अमेरिकन जनता जे मानते ते सगळं खोटं असेल तेव्हा आपला कार्यक्रम पूर्ण झाला असं समजू, १९८१ चं. याची टेप नाही, मिनिट्स नाहीत, त्या वेळची बातमी नाही. रेगन यांच्या व्हाइट हाउसमध्ये काम केलेल्या एका व्यक्तीने बऱ्याच वर्षांनी सांगितलेली आठवण आहे. असेलही खरं. पण याला पुरावा म्हणायचं असेल तर मग उद्या कोणीही काहीही आठवावं.

'कॉन्स्पिरसी थिअरी' शब्दाचा मुद्दा जरा मजेशीर आहे. शब्द सीआयएचा नाही, एकोणिसाव्या शतकापासून इंग्रजीत सापडतो आणि कार्ल पॉपरने १९४५ मध्येच तो तत्त्वज्ञानात वापरलाय, तेव्हा सीआयए जन्मलीही नव्हती, ती १९४७ ची. पण १९६७ चा कागद खरा आहे, क्रमांक १०३५-९६०, केनेडी खुनाच्या सरकारी चौकशीच्या, म्हणजे वॉरन आयोगाच्या, अहवालावर टीका करणाऱ्यांना कसं उत्तर द्यायचं याबद्दल परदेशातल्या कार्यालयांना पाठवलेला. त्यात सरळ लिहिलंय की आपल्या प्रचारातल्या माणसांकरवी टीकाकारांना खोडून काढा, त्यासाठी पुस्तक परीक्षणं आणि फीचर लेख चांगले पडतात. आता मला सांगा, शब्द कोणी शोधला हे महत्त्वाचं, की एक गुप्तचर संस्था पुस्तक परीक्षणं कशी वापरायची ते लेखी कळवतेय हे? मेसेजने शब्द पकडला आणि कागद सोडून दिला.

२०१२ चा कायदा चटकन संपवतो. स्मिथ-मुंट कायदा १९४८ चा, त्यानुसार व्हॉइस ऑफ अमेरिका या सरकारी रेडिओसारखं परराष्ट्र खात्याच्या परिघातलं साहित्य अमेरिकेत दाखवायला बंदी होती, २०१२ च्या दुरुस्तीने ती सैल केली. सीआयएशी त्याचा संबंध नाही. सीआयएवरचं बंधन वेगळ्या आदेशात आहे, १९८१ च्या, त्यात अमेरिकेतलं जनमत किंवा मीडिया यांवर प्रभाव टाकण्यासाठी छुपी कारवाई करायला मनाई आहे, आणि ते या दुरुस्तीने उठलेलं नाही. ते पाळलं जातं का हा प्रश्न विचारा, जरूर विचारा, पण कायदा तरी बरोबर सांगा.

आणि हे सगळं फक्त अमेरिकाच करते असा जो सूर आहे त्याचं काय करायचं? ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यात १९४८ ते १९७७ एक विभागच होता, पत्रकारांना तयार मजकूर पुरवणारा, साध्यासरळ नावाचा, इन्फर्मेशन रिसर्च डिपार्टमेंट. ब्रिटिश गुप्तचर खात्यातला किम फिल्बी तर कहरच. बैरुतमध्ये ऑब्झर्व्हर आणि इकॉनॉमिस्टचा वार्ताहर, ही नोकरी मिळायला ब्रिटिश गुप्तचरांचाच हातभार, आणि मुळात हेर रशियाचा, १९६३ मध्ये पळून गेला मॉस्कोला. केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेचे जे कागद तिथल्याच दफ्तरखान्यातल्या मित्रोखिनने बाहेर नेले त्यांत म्हटलंय की १९७२ मध्ये भारतीय वर्तमानपत्रांत ३,७८९ लेख पेरले. हा आकडा केजीबीच्या माणसांनी वरिष्ठांना कळवलेला, म्हणजे त्यात फुगवटा असणारच, हेरांनाही टार्गेट असतंच की. पण एक प्रकरण आकड्यापलीकडचं आहे. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या 'पेट्रियट' पेपरात एक निनावी पत्र छापून आलं, एड्सचा विषाणू अमेरिकन लष्कराने प्रयोगशाळेत बनवला म्हणून. दोन वर्षांनी ऑक्टोबर १९८५ मध्ये मॉस्कोच्या 'लितेरातुरनाया गझेता'ने त्याच पत्राचा हवाला देऊन तेच छापलं आणि मग ते जगभर गेलं. आपणच पेरायचं आणि आपणच हवाला द्यायचा! १९९२ मध्ये रशियन गुप्तचरप्रमुख प्रिमाकोव्ह यांनी त्यामागे आपल्या यंत्रणेचा हात असल्याचं मान्य केलं. ती थाप मात्र आजही फॉरवर्ड होते, आणि मॉकिंगबर्डवाला मेसेज पाठवणाऱ्या मंडळींकडूनच मला ती दोनदा आलीय.

राहिला शेवटचा मुद्दा, आजही सगळं तेच लिहून देतात. सगळं तेच लिहून देत असते तर हे आपल्याला कळलं कुठून असतं? १९६७ मध्ये रॅम्पार्ट्स या मासिकाने सीआयएच्या पैशाची वाट उघडी पाडली, डिसेंबर १९७४ मध्ये सेमूर हर्शने न्यूयॉर्क टाइम्समध्ये सीआयएची देशांतर्गत हेरगिरी छापली आणि त्यातूनच चर्च समिती उभी राहिली, १९७७ मध्ये आधी बर्नस्टीन आणि मग टाइम्सनेच तीन भागांची मालिका छापली. ज्यांना विकले गेलेले म्हणता त्यांच्याच कागदावर हे आलंय.

पण इथे मी पत्रकारांचीही पाठराखण करणार नाही, कारण टाइम्सनेच अमेरिकन सरकार विनावॉरंट फोन ऐकत असल्याची बातमी सरकारच्या विनंतीवरून वर्षभर दाबून ठेवली आणि डिसेंबर २००५ मध्ये छापली, मधे बुश पुन्हा निवडून आलेले होते. आणि ८ सप्टेंबर २००२ ला इराक अणुबॉम्बसाठी अ‍ॅल्युमिनियम नळ्या मिळवतोय ही बातमी टाइम्सच्या पहिल्या पानावर आली, अधिकाऱ्यांनी नाव न सांगता दिलेली, त्याच सकाळी उपाध्यक्ष चेनी टीव्हीवर बसून म्हणाले, बघा, आजच्या टाइम्समध्येच आलंय. एड्सच्या पत्राची आणि या बातमीची चाल सारखीच आहे की नाही बघा, फक्त इथे पेरायला कोणी हस्तक लागला नाही, बातमीदाराला एक्सक्लुझिव्ह हवं होतं आणि अधिकाऱ्यांना पहिलं पान. १९९१ च्या सीआयएच्या एका अंतर्गत टिपणीत तर म्हटलंय की देशातल्या प्रत्येक मोठ्या वृत्तसंस्थेत, पेपरात, साप्ताहिकात, चॅनेलवर आमच्या जनसंपर्क विभागाचे पत्रकारांशी संबंध आहेत आणि त्यामुळे काही 'अपयशा'च्या बातम्या 'यशा'च्या झाल्या, काही पुढे ढकलल्या गेल्या, काही रद्दच झाल्या. जनसंपर्क विभाग, लक्षात घ्या, गुप्त विभाग नाही. या टिपणीबद्दल एकही फॉरवर्ड मला आजवर आलेला नाही.

पगारी संबंधांवर बंदी आहे का, तर आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये तेव्हाचे सीआयएप्रमुख जॉर्ज बुश (थोरले) यांनी जाहीर केलं की अमेरिकन वृत्तसंस्थांच्या अधिकृत वार्ताहरांशी पैशाचा किंवा कराराचा व्यवहार करणार नाही. 'अधिकृत वार्ताहर' या शब्दांत पाणी मुरलं, चर्च समितीनेच नोंदवलंय की त्या पन्नासांपैकी निम्म्याहून कमी लोकांचे संबंध या नियमाने संपणार होते. १९९६ मध्ये ही बंदी कायद्यात घालायची वेळ आली तेव्हा सेनेटच्या सुनावणीत टेरी अँडरसन बोलले, एपी या वृत्तसंस्थेचे बैरुतमधले प्रमुख, १९८५ मध्ये पळवून नेलेले आणि जवळजवळ सात वर्षं ओलीस राहिलेले. पत्रकारांचा हेर म्हणून वापर अजिबात होऊ नये या बाजूने ते बोलले, कारण समोर बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तू हेर नाहीस हे पटवायची पाळी वार्ताहरावर येते. कायदा झाला, बंदी लिहिली गेली, आणि त्याच कलमात राष्ट्राध्यक्ष किंवा सीआयएप्रमुखांना गरज पडल्यास सूट देण्याचा अधिकारही लिहिला गेला.