स्वतंत्र मजूर पक्ष: ‘नावापुरता मजूर’ म्हणणाऱ्यांना उत्तर

बाबासाहेब आंबेडकरांनी ऑगस्ट 1936 मध्ये काढलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाबद्दल एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा सारांश असा: हा पक्ष नावापुरताच मजुरांचा, प्रत्यक्षात एका जातीचा; शेतकऱ्यांसाठी त्याने काही केलं नाही; गिरणी कामगारांची एकजूट मात्र फोडली; आणि सहा वर्षांत गाशा गुंडाळला, म्हणजे मुळातच त्यात दम नव्हता. बाबासाहेबांना ‘एका समाजाचे नेते’ या चौकटीत कोंबण्याची जी जुनी खोड आहे, तिचाच हा भाग आहे, म्हणून उत्तर द्यायला हवं.

आधी जातीचा मुद्दा. 1937 च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात पक्षाने 17 जागा लढवल्या आणि 14 जिंकल्या. त्यांपैकी 11 अस्पृश्यांसाठी राखीव होत्या, 3 सर्वसाधारण. पक्षाच्या मतांचा मोठा भाग महार समाजाचा होता, हे खरंच आहे. पण निवडून आलेल्यांत अनंतराव चित्रे होते, सुरेंद्रनाथ टिपणीस होते, शामराव परुळेकर होते. यांपैकी कोणीही अस्पृश्य समाजातलं नव्हतं. टिपणीस तर 1927 च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या वेळी महाड नगरपालिकेचे अध्यक्ष होते. आणि जाहीरनामा काय सांगतो? लोकहितासाठी गरज असेल तिथे उद्योग सरकारी मालकीचे करावेत, कुळांना संरक्षण मिळावं, कामगारांचे तास आणि वेतन कायद्याने ठरावेत. यात एकाच जातीपुरतं काय आहे?

शेतकऱ्यांसाठी काही केलं नाही, हा आरोप तर मला सर्वांत जास्त बोचतो. कोकणातला खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुलीदार. सरकारला ठरलेला सारा भरायचा, कुळाकडून त्याहून कितीतरी जास्त घ्यायचं, वर वेठबिगार. या खोतीखाली महार होते, तसेच कुणबी होते, आगरी होते, भंडारी होते. अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 मध्ये संप पुकारला. जमिनी पडीक ठेवल्या, वर्षानुवर्षं हाल सोसले, पण खोतांपुढे वाकले नाहीत. पक्ष निघण्याच्या आधीपासून बाबासाहेब या संपाच्या पाठीशी होते.

पक्ष विधानसभेत गेल्यावर पहिल्याच वर्षी, 17 सप्टेंबर 1937 रोजी, बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोतांना वाजवी नुकसानभरपाई द्यायची आणि जमीन कसणाऱ्याला थेट सरकारशी जोडून तिच्यावर हक्क द्यायचा, अशी त्यात तरतूद होती. विधेयक पुढे सरकेना, तेव्हा 10 जानेवारी 1938 रोजी शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर, म्हणजे विधानसभेवर गेला. परुळेकर, चित्रे त्यात होते, गुजरातचे शेतकरी नेते इंदुलाल याज्ञिक होते, कम्युनिस्टही होते. एका जातीच्या पक्षामागे कुणबी कुळं अशी मुंबईपर्यंत चालत येतात का?

आता गिरण्यांकडे. 1929 च्या गिरणी संपाला बाबासाहेबांनी विरोध केला होता, हे नाकारायचं कारण नाही. पण एकजूट त्याआधीच कुठे फाटली होती, ते विणकाम खात्यात जाऊन पाहायला हवं. मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की त्याच्या छिद्रातून सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे. ज्या धोट्याला अस्पृश्याचं तोंड लागलं त्याला आम्ही तोंड लावणार नाही, हे सवर्ण कामगारांचं म्हणणं. त्यामुळे जिथे जास्त पगार मिळे त्या खात्याचं दार अस्पृश्यांना बंद राहिलं. ही भिंत गिरणी मालकाने एकट्याने बांधली नव्हती. म्हणूनच फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण ही जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा नकार, आणि तो सगळ्याच वर्गांत मुरला आहे, हेही तिथेच स्पष्ट केलं.

त्याच वर्षी मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलह विधेयक आणलं. आधी समेटाची प्रक्रिया सक्तीची. ती टाळून संप केला तर तो बेकायदा आणि कामगाराला शिक्षा. इच्छेविरुद्ध काम करायला लावणं म्हणजे माणसाला गुलाम करणं, अशी मांडणी बाबासाहेबांनी सप्टेंबरमध्ये विधानसभेत केली. 7 नोव्हेंबर 1938 रोजी या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कामगार नेते श्रीपाद डांग्यांचे कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उभे होते, बाबासाहेबांच्या समता सैनिक दलाचे स्वयंसेवक रस्त्यावर होते. विधेयक तरीही मंजूर झालं. पण कामगारांची फूट पाडणारा पक्ष कामगारांच्या संपाच्या हक्कासाठी अशी लढाई उभी करत नाही.

राहिला 1942 मध्ये पक्ष गुंडाळल्याचा प्रश्न. युद्ध सुरू होतं, सत्तांतराच्या वाटाघाटी चालू होत्या आणि त्यासाठी इंग्रजांनी पुढे केलेल्या क्रिप्स योजनेत अस्पृश्यांच्या हक्कांची ठोस हमी कुठेच नव्हती. इंग्रज सरकार बोलणी करत होतं ते समाजांच्या प्रतिनिधींशी. वर्गाच्या नावाने उभ्या राहिलेल्या, एका प्रांतात जोर असलेल्या पक्षाला त्या टेबलावर जागा नव्हती. जुलै 1942 मध्ये नागपूरच्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची, म्हणजे अस्पृश्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या नव्या पक्षाची, स्थापना झाली ती या कोंडीतून. हा निर्णय बरोबर होता का, यावर वाद होऊ शकतो. माझ्या मते त्यात मोठं नुकसानही झालं, कारण कुणबी आणि महार एका मोर्चात आणणारी संघटना नंतर तशी उभी राहिली नाही. पण त्यावरून पक्षात दम नव्हता असं म्हणता येत नाही.

खोती निर्मूलनाचा कायदा अखेर 1949 मध्ये झाला. परुळेकर कम्युनिस्ट पक्षात गेले आणि 1945 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींच्या उठावात गोदावरी परुळेकरांसोबत उभे राहिले. नाशिकचे दादासाहेब गायकवाड याच पक्षाचे आमदार होते. 1959 मध्ये आणि पुन्हा 1964 मध्ये भूमिहीनांचा जमिनीसाठीचा सत्याग्रह त्यांनीच चालवला.