ट्रे धुऊ नका हो रोज!

ससा पाळणाऱ्यांचं परत तेच रडगाणं: ‘ससा शी-शूच्या ट्रेमध्ये जातच नाही!’ अहो, मुतायचा कोपरा त्याने कधीच ठरवलाय, ट्रे तिथे सरकवा ना! खाता खाता लेंड्या टाकतो तो, म्हणून सुकं गवत ट्रेच्या एका टोकालाच हवं. मांजराच्या ट्रेची, भिजली की गोळे होणारी वाळू आधी फेका. पोटात गेली तर आतडी तुंबतात. त्याऐवजी ट्रेमध्ये कागदी गोळ्यांचा इंचभर थर पुरे. आणि रोज ट्रे लख्ख धुतलात तर त्याला जागा कळणार कशी? मुताने भिजलेला कागद, चार लेंड्या राहू द्या की. व्हिनेगर ट्रेबाहेरच्या डागांवर वापरा. नसबंदीचं नाव न काढता शिस्त मागणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार! नसबंदी न झालेला, वयात आलेला ससा हद्द आखायला मुततोच, ओरडून काय होणार?