मसुदा राजपत्रात आला म्हणजे ट्रेलरवाल्यांना उशीर झाला

कळंबोली, तळोजा, उरण, भिवंडी या पट्ट्यात ट्रेलर बांधणारे छोटे-मोठे कारखाने आहेत. नवीन नियमाचा मसुदा आला की व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ फिरते, तीन आठवडे ती कोणी उघडत नाही, आणि शेवटच्या चार दिवसांत ट्रेलर बांधणाऱ्यांच्या संघटनेच्या लेटरहेडवर एक पत्र दिल्लीला जातं. मजकूर ठरलेला: ‘सदर नियमामुळे लघुउद्योगावर मोठा बोजा पडेल, तरी फेरविचार व्हावा व मुदतवाढ मिळावी.’ माझ्या मते असं पत्र पाठवलं काय आणि न पाठवलं काय, सारखंच. आणि हे बदलणं संघटनांच्याच हातात आहे.

आधी नियम कुठे तयार होतो ते पाहू. वाहनाच्या बांधणीचे नियम करायचा अधिकार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११० मध्ये आहे. नियम लागू करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करणं कलम २१२ नुसार बंधनकारक. हरकती पाठवायला मसुद्यात सहसा ३० दिवस मिळतात, तेही राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्याच्या तारखेपासून. पण ही झाली शेवटची पायरी. माप, जाडी, चाचणीचा भार हे सगळं त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. ते ठरतं ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड्स कमिटीत, म्हणजे एआयएससीत, आणि तिचं सचिवालय पुण्याच्या एआरएआयमध्ये, म्हणजे वाहनांच्या चाचणी-संशोधन संस्थेत आहे. तिथून ते मानक तांत्रिक स्थायी समितीकडे जातं आणि मग दिल्लीच्या रस्ते वाहतूक मंत्रालयात. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस मानकांच्या समित्या वेगळ्या. मुंबईहून पुणे तीन-चार तासांवर आहे. एआयएससीच्या पॅनेलच्या टेबलावर बसायचं सोडून दिल्लीत परिवहन भवनाला, म्हणजे त्या मंत्रालयाला, पत्र लिहिणं म्हणजे घर बांधून झाल्यावर पायाबद्दल तक्रार करणं.

आता एक मोजमाप जवळून पाहू. कंटेनर नेणाऱ्या ट्रेलरची उंचीची मर्यादा पूर्वी ४.२० मीटर होती, ती पुढे ४.५२ मीटर झाली. ३२ सेंटीमीटर वाढले म्हणून सगळे खूश. पण साडेआठ फुटी कंटेनर २५९१ मिलिमीटर उंच असतो आणि साडेनऊ फुटी, म्हणजे जास्त उंचीचा हायक्यूब, २८९६. वजाबाकी करा. जुन्या मर्यादेत कंटेनरच्या तळाखाली १६०९ मिलिमीटर मिळत होते, नव्या मर्यादेत हायक्यूबखाली १६२४. म्हणजे ट्रेलर बांधणाऱ्याच्या पदरात पडले अवघे १५ मिलिमीटर. त्या १६२४ मध्ये पुलरच्या (ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या) फिफ्थ व्हीलची, म्हणजे ट्रेलर ज्यावर टेकतो त्या जोड-तबकडीची उंची, गूजनेकची (ट्रेलरच्या पुढच्या मानेची) जाडी आणि कंटेनर अडकवणाऱ्या ट्विस्टलॉकची बैठक हे सगळं बसवायचं.

खरी अडचण याच्या पुढे आहे. ट्रेलरला मंजुरी मिळते ती ट्रेलर म्हणून, पण रस्त्यावर उंची मोजली जाते पुलर जोडल्यावर. गिऱ्हाइकाने दुसरा पुलर लावला आणि त्याचं फिफ्थ व्हील ६० मिलिमीटर वर असलं, तर कंटेनरचं पुढचं टोक ६० पेक्षाही जास्त वर जातं, कारण ते किंगपिनच्या, म्हणजे फिफ्थ व्हीलमध्ये अडकणाऱ्या खुंटीच्या पुढे असतं. न्हावा शेवाच्या रस्त्यावर गाडी अडली की ‘ट्रेलरच उंच बांधलाय’ असं म्हणून बोट कारखान्याकडे. इथे संघटनेने काय मागावं? ‘उंची आणखी वाढवा’ हे नाही. वर पूल आणि वायरी आहेत. मागावं हे, की मंजुरीच्या कागदावर कमाल फिफ्थ व्हील उंची लिहिलेली असावी आणि तीच ट्रेलरच्या प्लेटवर ठोकलेली असावी. एका ओळीची सुधारणा, सरकारला खर्च नाही, आणि जबाबदारी कोणाची हे स्पष्ट होतं. सोबत पुलरच्या चार-पाच मॉडेलांवर मोजलेल्या उंचीचा तक्ता आणि एक ड्रॉइंग जोडलं की समितीतल्या इंजिनिअरला ते बाजूला सारता येणार नाही.

निवेदन कसं लिहावं हेही सांगतो. चार रकाने करा: कलमाचा क्रमांक, मसुद्यातले शब्द, आम्हाला हवे असलेले शब्द, कारण. तिसरा रकाना रिकामा असेल तर ते कलम निवेदनात घेऊच नका. ‘अव्यवहार्य आहे’ हे कारण होत नाही. चाचणी किती मॉडेलांना लागेल, चाचणी संस्थेकडे स्लॉट किती दिवसांनी मिळतो, सुटा भाग बनवणारे देशात किती, त्याचा साचा (डाय) बनवायला किती महिने लागतात, हे आकडे म्हणजे कारण. वीस सभासदांनी एकच मजकूर वीस लेटरहेडवर पाठवला तर तो एकच आक्षेप धरला जाण्याची शक्यता जास्त. त्यापेक्षा वीस जणांच्या ट्रेलरांचं वजनकाट्यावरचं वजन आणि मापं एका तक्त्यात द्या.

तारखेच्या शब्दांवर सगळ्यात जास्त भांडा. ‘या तारखेनंतर उत्पादित’ आणि ‘या तारखेनंतर नोंदणीकृत’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बीएस-३ या जुन्या प्रदूषण मानकाच्या गाड्या बंद झाल्या त्या वेळी कंपन्या म्हणत होत्या की बंदी फक्त उत्पादनावर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी १ एप्रिलपासून विक्री आणि नोंदणीही थांबवली. ट्रेलरला इंजिन नाही, पण पासिंगची, म्हणजे आरटीओ नोंदणीची, अडचण तीच. ट्रेलर तयार होऊन यार्डात उभा असतो, गिऱ्हाइकाचं फायनान्स अडकलेलं असतं, पुलर आलेला नसतो. मसुद्यात नवीन मॉडेल आणि चालू मॉडेल यांच्या तारखा वेगळ्या आहेत का, आणि यार्डातल्या मालाचं काय, हे पहिल्याच दिवशी तपासा.

अमेरिकेतल्या ट्रक ट्रेलर मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचं उदाहरण आपल्याकडे बऱ्याचदा दिलं जातं. २०१६ च्या प्रदूषण नियमांत तिथे ट्रेलरवर साइड स्कर्ट (हवेचा अडथळा कमी करणारे बाजूचे पत्रे), कमी घर्षणाचे टायर वगैरे लादले होते. संघटना कोर्टात गेली आणि १२ नोव्हेंबर २०२१ रोजी जिंकली, कारण तिथल्या कायद्यात मोटार वाहन म्हणजे स्वतःच्या ताकदीवर चालणारं वाहन, आणि ट्रेलर स्वतः चालत नाही. आपल्याकडे हा युक्तिवाद चालणार नाही. आपल्या कायद्याच्या कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येत ‘ट्रेलर’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १८२-अ ट्रेलर बांधणाऱ्यालाही लागू: बांधणीच्या तरतुदी मोडून वाहन विकलं तर दर वाहनामागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. अमेरिकेतल्या संघटनेकडून घ्यायचं ते हे, की त्यांनी व्याख्येतला एकेक शब्द तपासला.

आता जे बोलल्यावर काही मंडळी नाराज होतील ते. मागच्या अंडररन गार्डवर, म्हणजे मागून येणारी कार खाली घुसू नये म्हणून लावलेल्या आडव्या दांड्यावर, सूट मागू नका. उभ्या किंवा हळू चाललेल्या ट्रेलरखाली कार घुसली तर चासीची मागची कड थेट कारच्या काचेच्या उंचीला येते. बोनेट आणि एअरबॅगचा तिथे काही उपयोग नाही. आयएस १४८१२ प्रमाणे रिकाम्या गाडीत गार्डची खालची कड जमिनीपासून ५५० मिलिमीटरपेक्षा वर नको, आणि गार्ड दोन्ही बाजूंनी मागच्या एक्सलच्या रुंदीपेक्षा १०० मिलिमीटरहून जास्त आत नको. मंजुरीच्या दिवशी हे बरोबर असतं. मग गिऱ्हाईक स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक पाटा वाढवतो, मोठा टायर घालतो, मागचं टोक वर उचललं जातं आणि ५५० चे ६२० होतात. कोणी रॅम्पला लागतो म्हणून गार्ड कापून वर वेल्ड करतो, तोही चासीच्या खालच्या फ्लँजवर (आडव्या कडेवर). तिथे उष्णतेने पोलाद कमजोर होतं आणि तडा त्याच जोडापासून सुरू होतो. ब्रॅकेट वेबवर (चासीच्या उभ्या भागावर), बोल्टने आणि मागून प्लेट देऊन बसवायला हवी. संघटनेने इथे नियम आणखी कडक मागावा: गार्डची उंची फिटनेसच्या दर वेळी टेपने मोजली जावी. जो कारखाना नीट गार्ड बसवतो त्याला, कापणाऱ्यापेक्षा महाग म्हणून ऑर्डर गमवावी लागते. सूट मागणारी संघटना नेमकी याच प्रामाणिक सभासदाचं नुकसान करते.

एक्सलवर चालणाऱ्या भाराचंही तसंच, नुसती सवलत मिळून भागत नाही. जुलै २०१८ मध्ये ट्राय-एक्सलचा (ट्रेलरच्या तीन एक्सलांचा मिळून) भार २४ वरून २७ टन झाला; पुलरच्या पुढच्या एक्सलचे ७ आणि मागच्या दोन एक्सलांचे २१ धरून एकूण ५५ टन. ट्रेलरचा भार त्याच्या बारा टायरांत विभागला तर दर टायरवर २००० चे २२५० किलो. कागदावरचा आकडा वाढला म्हणून जुना एक्सल, ब्रेक ड्रम आणि पाटे आपोआप वाढत नाहीत.

शेवटी भाषेचं. केंद्राचं राजपत्र हिंदी-इंग्रजीत निघतं. तळोज्यातला वेल्डर आणि फोरमन ते वाचत नाही, आणि गार्ड बसवतो तोच. प्रत्येक मसुद्याचा एका पानाचा मराठी सारांश, मापांच्या चित्रासकट, मसुदा आल्यापासून पाच दिवसांत शॉप फ्लोअरवर लागला पाहिजे. त्यावर फोरमनने पेनने केलेल्या खुणा परत गोळा करा. चौथ्या रकान्यातली कारणं तिथूनच मिळतील.