'प्रीपोझिशननंतर वाक्य येत नाही' म्हणे!

गेले काही दिवस एक फॉरवर्ड फिरतोय. वरती लाल अक्षरात 'या ६ चुका केल्यात तर तुम्ही मराठी मीडियमचे आहात हे समोरच्याला लगेच कळतं', खाली सहा नियम, आणि शेवटी नेहमीचं ते, मुलांच्या ग्रुपवर पाठवा. माझ्याकडे आत्तापर्यंत चार ग्रुपवरून आलाय, त्यात एक आमच्या सोसायटीचा, जिथे एरवी पाण्याच्या टँकरशिवाय विषय नसतो. मी संध्याकाळी स्पोकन इंग्लिशचे क्लास घेते त्यामुळे 'मॅडम हे खरंय का' म्हणून तोच परत फिरून माझ्याकडे येतो. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करून कंटाळा आला, एकदाच लिहिते.

ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक, प्रीपोझिशननंतर (म्हणजे ऑन, ॲट, ऑफ असल्या शब्दांनंतर) फक्त नाम येतं, वाक्य कधीच नाही. दोन, ॲडजेक्टिव्हनंतर वाक्य आणायचं तर मध्ये 'दॅट' पाहिजेच, नाहीतर ते गावठी. तीन, 'डिपेंड्स ऑन व्हेदर' चूक, नुसतं 'इफ' म्हणा. चार, 'आय ॲम अफ्रेड' फक्त भीती वाटली तरच. पाच, 'इट इज इम्पॉर्टंट दॅट ही बी देअर' ही टायपिंग मिस्टेक आहे, 'इज' हवं. सहा, शंका आली की 'द फॅक्ट दॅट' घाला, कधीच चुकणार नाही.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण माझ्या बॅचमधली एक मुलगी नुकतीच नोकरीला लागलीये, तिची क्लायंटबरोबरची मीटिंग वेळेच्या गोंधळात चुकली, तिने माफीचा मेल लिहिला: 'आय ॲम सॉरी आय मिस्ड द कॉल. आय वॉज नॉट शुअर व्हेदर इट वॉज ॲट फोर ऑर फाइव्ह.' स्वच्छ इंग्रजी. पाठवायच्या आधी टीम लीडला दाखवला तर त्याने हा फॉरवर्ड समोर धरून दुरुस्त केला: 'आय ॲम सॉरी फॉर द फॅक्ट दॅट आय मिस्ड द कॉल. आय वॉज नॉट शुअर अबाउट द फॅक्ट दॅट व्हेदर इट वॉज ॲट फोर ऑर फाइव्ह.' दुसरं वाक्य मोठ्याने वाचून बघा, दम लागतो. आणि वर 'मराठी मीडियम का?' हे ऐकवलं ते वेगळंच.

तर पहिला नियम. प्रीपोझिशननंतर फक्त नाम. मग 'इट डिपेंड्स ऑन हाऊ मच यू वॉन्ट टू स्पेंड' हे काय आहे? 'ऑन'च्या पुढे कर्ता आहे, क्रियापद आहे, अख्खं गौण वाक्य आहे. 'वी वेअर टॉकिंग अबाउट व्हाय ही लेफ्ट', 'लुक ॲट व्हॉट यू हॅव डन'. व्हॉट, व्हाय, हाऊ, व्हेअर, व्हेदर यांनी सुरू होणारं वाक्य प्रीपोझिशनच्या पुढे मस्त मांडी घालून बसतं. बसत नाही ते 'दॅट'वालं. 'आय ॲम अवेअर ऑफ दॅट ही लेफ्ट' हे चूकच आहे आणि आपल्याकडे ही चूक खरंच होते, म्हणजे फॉरवर्डवाल्याने ऐकलंय बरोबर, नियम बांधला भलताच.

ही चूक का होते ते बघा, गंमत आहे. आपण म्हणतो 'मला याची कल्पना आहे की तो गेला'. त्या 'याची' मधल्या 'ची'चा आपण इमानदारीत 'ऑफ' करतो आणि 'की'चा 'दॅट', झालं 'ऑफ दॅट'. मराठीत ते चालतं कारण मध्ये 'या' उभा आहे, प्रत्यय त्याला चिकटतो आणि वाक्य मागून सावकाश येतं. इंग्रजीत त्या 'या'च्या जागी कोणी उभंच नसतं, मग चिकटणार कुणाला, म्हणून प्रीपोझिशनच निघून जातं. 'अवेअर ऑफ द प्रॉब्लेम' पण 'अवेअर दॅट देअर इज अ प्रॉब्लेम'. 'सरप्राइज्ड ॲट हिज आन्सर' पण 'सरप्राइज्ड दॅट ही आन्सर्ड'. क्रियापदांचंही तेच, 'इन्सिस्ट ऑन कॅश' पण 'इन्सिस्ट दॅट यू पे'. यात मीडियमचा काही संबंध नाही, इंग्लिश मीडियमची मुलंही 'ऑफ दॅट' लिहितात, घरात 'की' म्हणणारी सगळीच लिहितात.

त्यातही दोनचार प्रीपोझिशन अशी आहेत की जी 'दॅट'ला घरात घेतात. 'धिस फोन इज बेटर इन दॅट इट चार्जेस फास्टर'. 'द रूम वॉज फाइन एक्सेप्ट दॅट द फॅन डिड नॉट वर्क'. अगदी रोजचं इंग्रजी आहे हे.

आणि बिफोर, आफ्टर, सिन्स यांचं काय करायचं? शाळेत शिकवतात की 'बिफोर लंच' मध्ये ते शब्दयोगी अव्यय आणि 'बिफोर यू ईट' मध्ये उभयान्वयी. शब्द तोच, अर्थ तोच, पुढे काय आलं एवढ्यावरून जात बदलली. येस्पर्सन नावाच्या डॅनिश पंडिताने १९२४ मध्येच यावर बोट ठेवलं होतं: 'बिलीव्ह' या क्रियापदापुढे नाम येतं तसं वाक्यही येतं, म्हणून आपण त्याला दोन वेगळे शब्द म्हणतो का? मग बिचाऱ्या 'आफ्टर'नेच काय घोडं मारलंय? पुढे २००२ साली हडलस्टन आणि पुलम यांचं केंब्रिजचं जाडजूड व्याकरण आलं त्यात या सगळ्यांना, अगदी 'बिकॉज'लासुद्धा, सरळ प्रीपोझिशनच मानलंय. डिक्शनऱ्या बहुतेक अजून जुन्याच नावाने छापतात, छापू देत. पण 'वाक्य कधीच येत नाही' हे छातीठोकपणे म्हणायची सोय राहिलेली नाही. शिवाय पूर्वी यांच्यापुढे चक्क 'दॅट' लावायचे. इंग्लंडच्या राजा जेम्सच्या १६११ च्या बायबलात 'बिफोर दॅट', 'आफ्टर दॅट' करून पुढे वाक्य सुरू झालेलं सापडतं. तो 'दॅट' नंतर झिजून गेला, वाक्य जागच्या जागी राहिलं.

'लाइक आय सेड' वरून तर अमेरिकेत एकेकाळी रणकंदन झालं होतं. १९५४ मध्ये विन्स्टन सिगरेटची जाहिरात आली, 'टेस्ट्स गुड लाइक अ सिगरेट शुड', आणि शुद्धलेखनवाले पेटले की पुढे वाक्य आलंय, म्हणून 'लाइक' नाही 'ॲज' पाहिजे. सिगरेट शरीराला काय करते यापेक्षा 'लाइक' भाषेला काय करतं याची काळजी जास्त! आज बोलताना 'लाइक आय सेड' सगळे म्हणतात. ऑफिशियल रिपोर्टमध्ये मी स्वतः 'ॲज' लिहीन, बास.

दुसरा नियम, 'दॅट' पाहिजेच. उशिरा पोचल्यावर दारातून आत येताना 'सॉरी दॅट आय ॲम लेट' म्हणणारा इंग्रज शोधून दाखवा. शुअर, ग्लॅड, सॉरी, अफ्रेड, हॅपी असल्या रोजच्या छोट्या शब्दांनंतर बोलताना 'दॅट' गळतो आणि लिहितानाही गळला तरी चालतं. शब्द जड झाला, 'इम्परेटिव्ह' वगैरे, की 'दॅट' ठेवलेला बरा वाटतो. वाक्याची सुरुवातच त्या गौण वाक्याने होत असेल तर मात्र तो काढताच येत नाही, 'दॅट ही केम ॲट ऑल इज स्ट्रेंज' यातला 'दॅट' उडवून बघा, वाक्य आपटतं.

पण या नियमातली खरी गडबड वेगळीच आहे. 'ॲडजेक्टिव्हनंतर' म्हणजे कुठल्या? सब घोडे बारा टक्के नाहीयेत इथे. 'ग्लॅड दॅट' चालतं, 'फॉन्ड दॅट' चालत नाही, 'फॉन्ड'ला 'ऑफ'च लागतं. 'यूज्ड टू' च्या पुढेही 'दॅट' नाही, तिथे 'आय ॲम यूज्ड टू पीपल कमिंग लेट' असं 'इंग' लावून वळवावं लागतं. 'शुअर' तर आणखी नखरेल: 'आय ॲम शुअर व्हेदर ही विल कम' विचित्र वाटतं पण मध्ये 'नॉट' घाला, एकदम बरोबर. खात्री असेल तर 'व्हेदर' कशाला, साधं आहे. आपला घोळ होतो कारण आपला 'की' दोन्हीकडे राबतो, 'खात्री आहे की येईल' मध्येही तोच आणि 'येईल की नाही' मध्येही तोच, 'चहा की कॉफी' मध्येसुद्धा तोच. म्हणून क्लासमध्ये मी ॲडजेक्टिव्ह कधी एकटं पाठ करून घेत नाही, 'अफ्रेड ऑफ डॉग्ज, अफ्रेड टू आस्क, अफ्रेड ही इज आउट' असं त्याच्या गोतावळ्यासकट फळ्यावर लिहिते.

तिसरा नियम म्हणजे उलटी गंगा. प्रीपोझिशननंतर 'व्हेदर'च बरोबर, लिहिताना तर नक्कीच. 'डिपेंड्स ऑन इफ' लोक बोलतात पण ते लेखी इंग्रजीत खटकतं. बोलताना 'ऑन'ही गाळतात, 'डिपेंड्स हू यू आस्क', तेही चालतं.

चौथ्यावर फार बोलण्यासारखं नाही. फोनवर 'आय ॲम अफ्रेड ही इज इन अ मीटिंग' म्हणणाऱ्या रिसेप्शनिस्टला कुणाची भीती वाटत नसते, ती 'माफ करा हं, पण' म्हणत असते.

पाचवा: 'ही बी देअर' ही मिस्टेक नाही. तो तिथे असायला हवा अशी मागणी असेल तर 'बी', अमेरिकन लोक हे सर्रास वापरतात, ब्रिटिश बरेचदा 'शुड बी' म्हणतात, काही 'इज'ही म्हणतात. पण 'इज' म्हटलं की 'तो तिथे आहे ही गोष्ट महत्त्वाची' असाही अर्थ निघू शकतो, 'बी'मध्ये तो घोटाळा होत नाही.

सहावा मात्र सगळ्यात घातक, कारण तो शहाण्यासारखा दिसतो. 'द फॅक्ट दॅट' लागतं कुठे, तर 'डिस्पाइट', 'ड्यू टू' यांच्यापुढे वाक्य आणायचंच असेल तर. ('डिस्पाइट ऑफ' नको हं, तो वेगळा रोग आहे.) बाकी ठिकाणी ते नुसतं वजन वाढवतं, आणि कधीकधी अर्थाचीच वाट लावतं. 'फॅक्ट' म्हणजे घडलेली, ठरलेली गोष्ट. 'आय ॲम होपफुल अबाउट द फॅक्ट दॅट आय विल गेट द जॉब' म्हणजे नोकरी मिळालीच आहे आणि मी आशा करतेय? आणि 'द फॅक्ट दॅट व्हेदर' तर होऊच शकत नाही, चार की पाच हेच माहीत नाही तर फॅक्ट कसली.

त्या मुलीला मी सांगितलं, लीडला काय सांगायचं ते सांग पण मेल पहिलाच पाठव. तिने पाठवला. संध्याकाळी क्लायंटचं उत्तर आलं, क्लासमध्ये येऊन तिने मोबाईल पुढे केला: 'नो प्रॉब्लेम, आय वॉज अफ्रेड आय हॅड सेंट यू द राँग टाइम.'